एका ऋणभाराची किंमत

वाचकहो, डॉक्टरला आपल्या चुका चारचौघांत सांगायला आवडत नाहीत. पण काही चुका अशा असतात की त्या सांगितल्याने दुसऱ्या कुणाचे तरी दुखणे वाचते. म्हणून आजच्या लेखाची सुरुवात माझ्या एका चुकीपासून करतो.

देहूरोडला रेल्वे स्टेशनपासून चालत पाच मिनिटांवर माझा दवाखाना आहे. दारूगोळा कारखान्यातले आणि लष्करी डेपोतले कामगार, तळवडे-चाकणच्या कंपन्यांत कंत्राटावर राबणारी मुले, त्यांची कुटुंबे हे माझे रुग्ण. पूर्वी बहुतेक आजूबाजूच्या मावळातले असत. आता विदर्भ, खानदेश, मराठवाडा, झारखंड, ओडिशा, छत्तीसगड अशा सगळ्या मुलखांतली माणसे माझ्या बाकावर बसलेली असतात. माणूस कामासाठी येतो तेव्हा ट्रंकेबरोबर आपले रक्तही घेऊन येतो, ही साधी गोष्ट माझ्या ध्यानात यायला फार उशीर झाला.

काही वर्षांपूर्वी भंडारा जिल्ह्यातले एक कुटुंब विकासनगरच्या बाजूला राहायला आले. वडील चाकणला फोर्जिंगच्या कारखान्यात, आई चार घरची कामे करणारी, मोठी मुलगी आणि दहा वर्षांचा मुलगा. पहिल्याच पावसाळ्यात आई मुलाला घेऊन आली. "डॉक्टरसाहेब, पोराचे हातपाय रातभर दुखून राहिले जी." पोरगा किडकिडीत, फिकट, डोळे किंचित पिवळसर. रक्त तपासले, हिमोग्लोबिन साडेसात. मी ठरवून टाकले की मूल अशक्त आहे, जंत असतील, सांधेदुखी वाढत्या वयाची. जंताचे औषध, लोहाचे टॉनिक आणि वेदनाशामक गोळ्या दिल्या. दुखणे दोन-चार दिवसांनी थांबले. श्रेय अर्थातच मी घेतले!

त्यानंतर दर दोन-तीन महिन्यांनी हेच. कधी पाठ, कधी मांड्या, कधी पोट. डोळे जास्त पिवळे दिसले तेव्हा आईने शेजाऱ्यांच्या सांगण्यावरून काविळीचा झाडपालाही देऊन पाहिला. मी लोहाची बाटली बदलत राहिलो. चौदा महिने हा खेळ चालला. हिमोग्लोबिन साडेसातच्या वर काही गेले नाही.

मग ज्येष्ठात तुकोबांच्या पालखीचे प्रस्थान आले. मुलगा वडिलांबरोबर देहूहून आकुर्डीपर्यंत पायी गेला. दिवसभर पावसात भिजला, पाणी फारसे प्यायला नाही, दमला. दुसऱ्या दिवशी पहाटे त्याला उचलूनच आणले. हात लावू देत नव्हता, आणि छातीतही दुखत होते. मी घाबरलो आणि त्याला मोठ्या सरकारी रुग्णालयात पाठवले. तिथल्या तरुण डॉक्टरीणबाईंनी आधी सलाईन लावले, वेदनेचे औषध दिले आणि मग आईला एकच प्रश्न विचारला, "गाव कोणतं तुमचं?"

चौदा महिन्यांत तो प्रश्न मी एकदाही विचारला नव्हता.

रक्ताच्या काचपट्टीवर विळ्याच्या आकाराच्या पेशी दिसल्या. चार दिवसांनी अहवाल आला. हिमोग्लोबिन एस ७६ टक्के, हिमोग्लोबिन एफ २० टक्के, नेहमीचे हिमोग्लोबिन ए जवळजवळ नाहीच. निदान होते सिकलसेल, म्हणजे विळ्याच्या पेशींचा रक्तक्षय. हा आजार जन्मजात आणि आनुवंशिक आहे. यात तांबड्या पेशी १२० दिवस जगण्याऐवजी जेमतेम दहा-वीस दिवसांत फुटतात. म्हणूनच डोळे पिवळे दिसतात. लोह कमी पडल्यामुळे हा रक्तक्षय होत नाही, त्यामुळे लोह पाजून तो भरत नाही. कमतरता नसताना लोह देत राहिले तर ते शरीरात साठून अपायच होतो. मी काय केले होते ते आपल्या लक्षात आले असेल.

तो अहवाल घेऊन मुलाचे वडील माझ्याकडे आले आणि म्हणाले, "साहेब, या मशिनीला कसं कळलं हो, की हे रक्त वेगळं आहे? आम्हाला तर लालच दिसते." प्रश्न अगदी रास्त होता. आणि खरे सांगायचे तर त्या क्षणी मला त्याचे धड उत्तर देता आले नाही. पहिल्या वर्षाला जीवरसायनशास्त्रात घोकलेले केव्हाच विसरलो होतो.

उत्तर मिळाले ते घरीच. माझी पुतणी तेव्हा बारावीत होती. रात्री ती वही घेऊन आली. "काका, हे गणित सुटत नाही. सामू सात असताना ग्लुटामिक आम्लावर एकूण भार किती?" मी चष्मा लावून बसलो आणि आम्ही दोघांनी मिळून ते सोडवले. सोडवता सोडवता लक्षात आले, की त्या वडिलांच्या प्रश्नाचे उत्तर या गणितातच आहे. तेच आज आपल्याला सांगतो. थोडे धीराने वाचावे, कारण शेवटी हा विषय आपल्या मुलामुलींच्या लग्नापर्यंत येऊन पोचतो.

आधी सामू म्हणजे काय ते पाहू. सामू, ज्याला इंग्रजीत पीएच म्हणतात, हे आंबटपणा मोजायचे माप. आकडा जितका लहान तितके द्रावण आंबट, म्हणजे त्यात हायड्रोजनचे धनभारित कण, अर्थात प्रोटॉन, जास्त. लिंबाच्या रसाचा सामू दोन-अडीच, दुधाचा साडेसहाच्या थोडा वर, शुद्ध पाण्याचा सात, आपल्या रक्ताचा ७.३५ ते ७.४५. सातच्या वर गेले की द्रावण अल्कधर्मी, उदाहरणार्थ साबणाचे पाणी.

आता अमिनो आम्ले. आपल्या शरीरातली प्रथिने वीस प्रकारच्या अमिनो आम्लांच्या माळा आहेत. प्रत्येक अमिनो आम्लाला एका बाजूला आम्लगट असतो, दुसऱ्या बाजूला अमिनोगट असतो आणि काहींना तिसरा, बाजूचा गटही असतो. या प्रत्येक गटावर एक प्रोटॉन बसू शकतो आणि उतरूही शकतो. आम्लगटावर प्रोटॉन बसला असेल तर त्याचा भार शून्य, उतरला तर उणे एक. अमिनोगटावर प्रोटॉन बसला असेल तर अधिक एक, उतरला तर शून्य.

पुतणीला मी हे आपल्या लोणावळा-पुणे लोकलच्या भाषेत सांगितले. समजा, लोकल लोणावळ्याहून निघाली. लोणावळा म्हणजे अगदी आंबट द्रावण, सामू एक. तिथे सगळ्या सीटांवर प्रोटॉन बसलेले. गाडी पुण्याकडे येते तसा सामू वाढत जातो आणि प्रत्येक प्रोटॉन आपापल्या ठरलेल्या स्टेशनावर उतरतो. कामशेतचा माणूस कामशेतला, तळेगावचा तळेगावला, शिवाजीनगरचा शिवाजीनगरला. पाठ्यपुस्तकात या स्टेशनाला पीके मूल्य म्हणतात. मुख्य आम्लगटाचे स्टेशन दोनच्या जवळपास, अमिनोगटाचे नऊ ते दहाच्या दरम्यान.

मग गणित सोपे झाले. गाडी सुटताना प्रोटॉन बसलेले अमिनोगट किती ते मोजा, तेवढा धनभार. पुढे जितकी स्टेशने मागे पडतील तितक्या वेळा एक वजा करा. बस्स.

ग्लुटामिक आम्ल घ्या. त्याला अमिनोगट एक आणि आम्लगट दोन. स्टेशने २.१९, ४.२५ आणि ९.६७. सामू एक असताना भार अधिक एक. सामू तीनला पहिले स्टेशन मागे पडले, भार साधारण शून्य. सामू सातला दोन स्टेशने मागे पडली, म्हणून उणे एक. सामू अकराला तिन्ही मागे पडली, म्हणून उणे दोन. पुतणीच्या गणिताचे उत्तर होते उणे एक.

आता व्हॅलिन घ्या. त्याच्या बाजूच्या गटावर प्रोटॉनची सीटच नाही. स्टेशने दोनच, २.३२ आणि ९.६२. सामू सातला एक स्टेशन मागे पडलेले, म्हणून एकूण भार शून्य. उलट लायसिनला अमिनोगट दोन. स्टेशने २.१८, ८.९५ आणि १०.५३. गाडी सुटताना अधिक दोन आणि सामू सातला अधिक एक.

"पण काका, सगळे एकाच क्षणी उतरतात का?" तिने विचारले. प्रश्न चांगला होता. नाही, सगळे एकदम उतरत नाहीत. बरोबर स्टेशनाच्या आकड्यावर निम्मे उतरलेले असतात आणि निम्मे बसलेले. सामू ४.२५ असताना ग्लुटामिक आम्लावरचा सरासरी भार म्हणूनच उणे अर्ध्याच्या जवळ येतो. स्टेशनाच्या पुढे एक अंक गेले की दर अकरांतले दहा उतरलेले असतात. दोन अंक पुढे गेले की शंभरात एखादाच मागे राहतो.

ज्या सामूला धन आणि ऋण भार बरोबरीत सुटून एकूण भार शून्य होतो, त्याला समविद्युत बिंदू म्हणतात. शून्य भाराच्या अलीकडचे आणि पलीकडचे अशी दोन स्टेशने घेऊन सरासरी काढली की तो मिळतो. ग्लुटामिक आम्लाचा ३.२२, व्हॅलिनचा ५.९७, लायसिनचा ९.७४. सामू या बिंदूच्या खाली असेल तर एकूण भार धन, वर असेल तर ऋण.

हे निव्वळ पुस्तकी आहे असे समजू नका. आपल्या स्वयंपाकघरात हा प्रयोग रोज होतो. दुधातले मुख्य प्रथिन केसीन. त्याचा समविद्युत बिंदू ४.६. ताज्या दुधाचा सामू त्याहून बराच वर, म्हणून केसीनच्या कणांवर ऋणभार असतो, ते एकमेकांना दूर लोटतात आणि दूध पातळ राहते. विरजण लावले की जिवाणू लॅक्टिक आम्ल करतात, सामू खाली येऊ लागतो. तो ४.६ च्या जवळ आला की भार नाहीसा होतो, लोटालोटी थांबते आणि कण एकमेकांना धरून बसतात. हेच आपले दही. उकळत्या दुधात लिंबू पिळले की हीच गोष्ट घाईघाईने होते आणि दूध फाटते. भार बदलला की प्रथिनाची वागणूक बदलते, एवढे यातून लक्षात ठेवावे.

आता हिमोग्लोबिनकडे येऊ. हिमोग्लोबिन म्हणजे चार माळांचे गाठोडे. दोन अल्फा माळा, प्रत्येकी १४१ अमिनो आम्लांच्या. दोन बीटा माळा, प्रत्येकी १४६ अमिनो आम्लांच्या. एकूण ५७४ मणी. माळेत ओवताना एका मण्याचा आम्लगट पुढच्याच्या अमिनोगटाला जोडला जातो, म्हणून त्या दोघांच्या सीटा संपतात. उरतात त्या माळेच्या टोकांच्या आणि बाजूच्या गटांच्या. तेव्हा माळेतल्या ग्लुटामिक आम्लाचा बाजूचा गट रक्ताच्या सामूला उणे एक भार देतो आणि व्हॅलिन काहीच देत नाही.

सिकलसेलमध्ये नेमके काय बिघडते? बीटा माळेतल्या सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन बसलेले असते. १४६ पैकी एक मणी, एवढेच. बीटा माळा दोन असल्यामुळे अख्ख्या रेणूवरचे दोन ऋणभार कमी होतात. व्हॅलिन पाण्याला टाळणारे. ऑक्सिजन सोडून दिलेल्या हिमोग्लोबिनमध्ये ते शेजारच्या रेणूच्या खाचेत जाऊन अडकते. रेणूला रेणू चिकटून लांब दोऱ्या तयार होतात आणि मऊ, गोल पेशी ताणली जाऊन विळ्यासारखी होते. अशा पेशी बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात, पुढच्या भागाला रक्त मिळत नाही आणि असह्य वेदना सुरू होतात. थंडी, भिजणे, पाणी कमी पिणे, अतिश्रम, ताप यांनी हे अडकणे वाढते. पालखीच्या दिवशी त्या मुलाच्या वाट्याला यातले बहुतेक सगळे एकदमच आले होते.

आता यंत्राला कसे कळते ते पाहू. नेहमीच्या हिमोग्लोबिनचा समविद्युत बिंदू ६.९ च्या जवळ, सिकलसेलच्या हिमोग्लोबिनचा ७.१ च्या जवळ. फरक अवघा ०.२ चा. प्रयोगशाळेत तांबड्या पेशी फोडून त्यातला थेंब सेल्युलोज ॲसिटेटच्या पट्टीवर ठेवतात, सामू ८.६ चे द्रावण घेतात आणि वीज सोडतात. ८.६ हा दोन्ही बिंदूंच्या वर, म्हणून दोन्ही हिमोग्लोबिने ऋणभारित आणि दोन्ही धन ध्रुवाकडे धावतात. पण एसवर ऋणभार दोनाने कमी, म्हणून ते मागे राहते. पट्टी रंगवली की पुढे ए, मागे एस असे वेगळे पट्टे दिसतात. दोन्ही पट्टे दिसले तर माणूस वाहक, फक्त एसचा मोठा पट्टा दिसला तर बहुधा रुग्ण. याला इलेक्ट्रोफोरेसिस म्हणतात. हल्ली एचपीएलसी नावाच्या यंत्रातून रक्त काढतात. तिथे ऋणभारित दाण्यांनी भरलेल्या नळीतून हिमोग्लोबिन जाते. ज्यावर धनभार अधिक ते दाण्यांना धरून राहते आणि उशिरा बाहेर पडते. ए आधी, एस नंतर. यंत्र नवे असले तरी हिशेब जुनाच आहे.

हा हिशेब पहिल्यांदा मांडला तो अमेरिकेत लायनस पॉलिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी, १९४९ साली. शिकागोच्या डॉ. हेरिक यांनी १९१० साली विळ्याच्या पेशींचे वर्णन छापले होते. पण दोष पेशीत आहे की हिमोग्लोबिनमध्ये हे कळत नव्हते. पॉलिंग यांच्या चमूने विजेच्या क्षेत्रात दोन्ही हिमोग्लोबिने वेगवेगळी धावतात हे दाखवले, रेणूवर दोन ते चार भारांचा फरक असावा असा अंदाज केला, आणि 'रेणूचा आजार' हा शब्द वैद्यकात आला. पुढे १९५६-५७ मध्ये केंब्रिजला व्हर्नन इंग्राम यांनी हिमोग्लोबिनचे तुकडे करून, ते कागदावर वेगळे करून, नेमका बदललेला मणी शोधून काढला. आधी भाराचा अंदाज, मग त्या अंदाजाप्रमाणे मणी सापडला. पुतणीला मी म्हटले, "बघ, तुझ्या वहीतल्या गणिताने एका आजाराचा छडा लावला."

आपल्या देशात १९५२ साली लेहमन आणि कटबुश यांनी निलगिरीच्या आदिवासींमध्ये सिकलसेल नोंदवला. नागपूरचे डॉ. शुक्ल आणि डॉ. सोळंकी यांनी १९५८ साली मध्य भारतातल्या सिकलसेलविषयी 'लॅन्सेट' या वैद्यकीय साप्ताहिकात लिहिले. पुण्याचे डॉ. सुदाम काटे यांनी या आजारावर महाराष्ट्राच्या आदिवासी भागात वर्षानुवर्षे काम केले, त्यांना २०१९ मध्ये पद्मश्री मिळाली. म्हणजे माहिती साठ वर्षांपूर्वीच पूर्व विदर्भातून, सातपुड्यातून आली होती. ती देहूरोडच्या माझ्या टेबलापर्यंत पोचली नव्हती, कारण हा 'तिकडचा' आजार आहे असे मी धरून चाललो होतो.

भाराच्या या चाचणीला एक मर्यादाही आहे, ती मला दुसऱ्या एका घरामुळे कळली. आमच्या गावात लष्करी डेपोमुळे पंजाबी कुटुंबेही बरीच आहेत. त्यातल्या एका बाईंच्या पट्टीवर एसच्या जागी पट्टा आला. घरात रडारड. पण विद्राव्यतेची चाचणी केली तर रक्त गढूळ झाले नाही. ते एस नव्हतेच, ते हिमोग्लोबिन डी होते. त्यात बीटा माळेच्या १२१ व्या जागी ग्लुटामिक आम्ल जाऊन ग्लुटामिन येते. तिथेही एका माळेमागे एकच ऋणभार कमी होतो, म्हणून सामू ८.६ ला डी आणि एस बरोबरीने धावतात. सामू सहाच्या आसपासच्या आम्लधर्मी अगारवर मात्र दोन्ही वेगळी पडतात, कारण तिथे भाराबरोबर अगारशी होणारी चिकटही कामाला येते. नुसता डीचा वाहक असणे हा आजार नव्हे. तेव्हा एकाच चाचणीवरून कुणाच्या कपाळी शिक्का मारू नये.

आता पुन्हा त्या भंडाऱ्याच्या घराकडे वळतो. मुलगा रुग्ण, म्हणजे आई आणि वडील दोघेही वाहक असणार. तपासले, तसेच निघाले. वाहकाला बहुधा काहीच त्रास नसतो. तो मेहनतीची कामे करतो, म्हातारा होतो आणि त्याला कधी कळतही नाही. पण दोन वाहकांचे लग्न झाले तर प्रत्येक गरोदरपणात मूल रुग्ण होण्याची शक्यता चारात एक, वाहक होण्याची चारात दोन आणि पूर्ण निरोगी होण्याची चारात एक. 'पहिले आजारी झाले, आता पुढची तीन सुटली' असा हिशेब नसतो. दर वेळी फासा नव्याने पडतो.

मोठ्या मुलीचे लग्न मामाच्या मुलाशी ठरत आले होते. मुलगी तपासली, ती वाहक. मी आईला म्हटले, "आता तुमच्या भाच्याचंही रक्त तपासा." तिचा चेहरा उतरला. सख्ख्या भावाला कसे सांगायचे? आणि मामा खरोखरच भडकले. फोनवर मलाच म्हणाले, "आमच्या पोराला आजवर साधा ताप नाही आला. तुम्ही आमच्या रक्तात खोट काढून राहिले का?"

मी त्यांना जे सांगितले ते आपल्यालाही सांगतो. ही खोट नव्हे. ज्या मुलखात मलेरियाने पिढ्यान् पिढ्या माणसे नेली, तिथे सिकलसेलचा वाहक मलेरियाच्या घातक प्रकारात तग धरून राहिला. हे ॲलिसन यांनी १९५४ साली पूर्व आफ्रिकेत दाखवले. आपल्या पूर्वजांनी जंगलात मलेरियाशी जी झुंज दिली, तिची ही खूण आहे. त्यात कुणाचे पाप नाही, कुण्या जातीचा कमीपणा नाही. गोंधळ होतो तो दोन खुणा एकत्र आल्या तरच.

भाचा समंजस निघाला. वडिलांना न सांगता त्याने आपणहून रक्त दिले. तोही वाहक होता.

पुढे काय करायचे, हे डॉक्टरने ठरवायचे नसते. मी दोघांना दवाखान्यात बसवून सगळे मार्ग सांगितले. लग्न करता येते. गरोदरपणी तिसऱ्या महिन्याच्या सुमारास वारेचा अंश तपासून गर्भाला आजार आहे का ते कळते, पण मग कठीण निर्णय घ्यावा लागतो. किंवा दोघांनी वेगळे जोडीदार शोधायचे. मुलगी बराच वेळ गप्प होती. मग हळूच म्हणाली, "डॉक्टर, मी भावाच्या उशाशी रात्री काढल्या आहेत." एवढेच बोलून ती उठली. लग्न मोडले. मामांनी दोन वर्षे बहिणीशी बोलणे टाकले, आणि ती माउलीही काही महिने माझ्या दवाखान्याची पायरी चढली नाही. मला ते लागले, पण तिचा राग मला समजत होता.

मुलाचे औषध मात्र रुग्णालयातून चालू राहिले. हायड्रॉक्सियुरिया, फॉलिक आम्ल, लसी, भरपूर पाणी, पावसात कोरडे कपडे. हायड्रॉक्सियुरियाने बाळपणीचे हिमोग्लोबिन एफ वाढते आणि एसचे चिकटणे कमी होते. हे औषध नियमित रक्ततपासणी करीत, तज्ज्ञाच्या देखरेखीखालीच घ्यायचे असते. मुलाचे दुखण्याचे झटके पुष्कळ कमी झाले. आज तो आयटीआयला आहे.

तेव्हा वाचकहो, काही गोष्टी गाठीला बांधून ठेवा. आपले मूळ गाव पूर्व विदर्भात, सातपुड्यात, किंवा छत्तीसगड, ओडिशा, झारखंड, मध्य प्रदेश, गुजरातच्या आदिवासी पट्ट्यात असेल तर डॉक्टरने विचारो वा न विचारो, ते स्वतःहून सांगा. मुलाला वारंवार हाडे दुखणे, फिकटपणा आणि पिवळे डोळे हे तिन्ही एकत्र असतील तर सिकलसेलची चाचणी मागा. विद्राव्यतेची चाचणी बोटभर रक्तात होते, पण ती रुग्ण आणि वाहक यांत फरक करू शकत नाही, आणि तान्ह्या बाळात फसवी ठरते. नक्की निदान इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसीनेच करावे. रुग्णाला ताप आला, छातीत दुखले, धाप लागली, पोट एकदम फुगले किंवा हातापायातली ताकद गेली तर घरी थांबू नका, थेट रुग्णालय गाठा. आणि हे वाचून कुणी गर्भवतीने आपल्या लोहाच्या गोळ्या बंद करू नयेत. लोहाची कमतरता आपल्याकडे फार आहे. लोह वाईट नाही, तपासणीशिवाय वर्षभर पाजत राहणे वाईट.

केंद्र सरकारने १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातल्या शहडोल इथून सिकलसेल निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम सुरू केली. आदिवासी भागातल्या चाळीस वर्षांपर्यंतच्या सात कोटी लोकांची तपासणी आणि २०४७ पर्यंत निर्मूलन हे तिचे उद्दिष्ट. पण जी माणसे गाव सोडून चाकण-देहूरोडला आली, त्यांचे काय? मोहीम त्यांच्या गावी गेली तेव्हा ती इथे शिफ्टला होती. त्यांनी इथल्या सरकारी रुग्णालयात जाऊन आपणहून विचारणा करावी, आणि आम्हा डॉक्टरांनी 'गाव कोणतं?' हा प्रश्न नाडी पाहण्याआधी विचारावा. माझ्या टेबलावरच्या केसपेपरवर आता नावाखालचा पहिला रकाना मूळ गावाचाच आहे.

गेल्या दिवाळीत एक फोन आला. तोच भाचा होता. म्हणाला, "डॉक्टरसाहेब, माझं जमून राहिलं आहे. मुलीकडच्यांना सांगितलं, आधी रक्त तपासू, मग बाकीचं बोलू. ते तयार आहेत. कोणती चाचणी करायची ते लिहून द्याल का जी?" मी विचारले, "आणि वडील?" तो हसला. "तेच म्हणाले, डॉक्टरला विचार म्हणून."

मी चिठ्ठीवर एकच ओळ लिहिली, 'हिमोग्लोबिन एचपीएलसी', आणि खाली तारीख घालून सही केली.